कोविडनंतरचे कागद: मृत्यूच्या दाखल्यापासून बालसंगोपनापर्यंत

शेजारच्या वहिनींचे यजमान ६ मे २०२१ रोजी कोविडने गेले. वय ४१, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर. मागे वहिनी, बारा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. त्यानंतरची दोनेक वर्षं त्यांच्या कागदपत्रांसाठी मी बरोबर होते. त्यांना विचारून, नावगाव वगळून हे लिहिते आहे. बऱ्याच गोष्टी फक्त कोविडला लागू नाहीत. घरातला कमावता माणूस कशानेही गेला तरी यातले निम्मे कागद तेच लागतात.

पहिले पंधरा दिवस कागदांचे नव्हतेच. १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध होते, ते १ जूननंतर हळूहळू सैल झाले. वहिनी आणि दोन्ही मुलं पॉझिटिव्ह, घराला पट्टी लावलेली. रुग्णालय शहरात, तिथेच पालिकेच्या माणसांनी अंत्यसंस्कार केले, दीर किट घालून लांब उभे राहिले. केंद्राच्या मार्च २०२० च्या सूचनांमध्ये पिशवीची चेन उघडून नातेवाइकांना चेहरा दाखवायला परवानगी होती, अस्थींपासून धोका नाही हेही लिहिलेलं होतं. पण त्या गर्दीत ते सांगणारं कोणी नव्हतं आणि विचारायचं सुचलं नाही. वहिनींनी शेवटचं पाहिलं ते ॲम्ब्युलन्समध्ये चढताना. दहावा व्हिडिओ कॉलवर झाला, तोही मधेच तुटत.

आपल्याकडे सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारून पिठलं-भाकरी येते, बायका येऊन गळ्यात पडतात. इथे डबा फाटकाला अडकवून मागे फिरायचं. सासूबाईंना याचंच सगळ्यात लागलं. “रडायलासुद्धा माणूस लागतं गं,” असं त्या खिडकीतून म्हणायच्या. पुढे निर्बंध उठल्यावर जूनच्या शेवटी माणसं भेटायला यायला लागली, तेव्हा घर कुठे जरा जेवाखायला लागलं होतं. प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं, पुन्हा सगळं उकरायचं. तेव्हापासून नात्यातल्या एकीने फोन आणि भेटी आपल्या अंगावर घेतल्या. हे काम कोणीतरी पहिल्या दिवसापासूनच घ्यावं. मुलांच्या बाबतीत एकच सांगते: धाकट्याला कोणीतरी “बाबा देवाच्या गावाला गेलेत” असं सांगितलं, आणि तो परत कधी येणार हे विचारत राहिला. साध्या शब्दांत खरं सांगितल्यावर त्याचं विचारणं थांबलं, रडणं सुरू झालं. ते बरं.

या काळात दोनच गोष्टी लगेच करायच्या असतात. पहिली, मृताचा मोबाईल क्रमांक बंद पडू द्यायचा नाही. रिचार्ज संपला की काही महिन्यांत सिम जातं आणि क्रमांक दुसऱ्याला मिळतो. पीएफ, बँक, गॅस, विजेचं बिल, कित्येकदा बायकोचं आधारसुद्धा त्याच क्रमांकाला जोडलेलं असतं. ओटीपी तिथे जाणार. स्वस्तातलं रिचार्ज वर्षभर मारत राहा. वहिनींना तो फोन वेगळ्या कारणासाठी हवा होता. रुग्णालयातून पाठवलेले आवाजाचे मेसेज त्यात होते. तेही आधी दुसऱ्या फोनमध्ये आणि पेनड्राइव्हवर उतरवून घेतले, कारण जुना फोन कधी मान टाकेल सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट, रुग्णालयातले कागद. मृत्यूचा दाखला राहत्या गावात मिळत नाही. मृत्यू जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे नोंद होते. रुग्णालयातला मृत्यू असेल तर रुग्णालयच कळवतं, मुदत २१ दिवसांची. पण नाव कसं कळवलं ते आपण बघायचं. आधार, रेशनकार्ड आणि पीएफ यांत नाव जसं आहे, अक्षरन् अक्षर तसंच दाखल्यावर यायला हवं. दाखला छापून झाल्यावर दुरुस्तीला अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि पुन्हा रांग. मूळ प्रती किमान आठ-दहा घ्या, प्रतीमागे फी फार नसते; पुढे प्रत्येक खिडकी मूळ प्रत मागते.

आणि हे फार जणांना माहीत नसतं: मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलं नसतं. कारण असतं ते डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात, नमुना ४ मध्ये (घरी मृत्यू झाला असेल तर ४-अ). तो नमुना रुग्णालयाकडून निबंधकाकडे जातो. त्याची प्रत, मृत्यूचा सारांश, आरटीपीसीआरचा अहवाल आणि सगळी बिलं, हे बाहेर पडतानाच मागून घ्या. तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं, म्हणून हे नवरा, बायको, मुलगा यांच्यावर सोडू नका. दीर, मेहुणा, मित्र यांनी करावं. बिलांचा आणखी एक उपयोग होता. मे २०२० पासून राज्याने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले होते: साधा वॉर्ड ४,०००, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये रोज. जास्त आकारल्याचं लेखापरीक्षणात दिसलं तर पैसे परत मिळायचे. मूळ बिलं नसतील तर तक्रार उभीच राहत नाही.

जूनमध्ये कचेऱ्या उघडल्या तसं कागदांचं खरं चक्र सुरू झालं. वहिनींना सगळ्यात जड गेली ती रांग नाही, खेटेही नाहीत. प्रत्येक खिडकीवर “कशाने गेले?”, “कधी?”, “किती दिवस होते?” हे उभ्याउभ्या, दहा माणसांसमोर सांगणं. एका ठिकाणी बोलता बोलता त्या मटकन खालीच बसल्या. म्हणून मग अर्ध्या पानाचा मजकूर टाईप करून घेतला: मृताचं नाव, जन्मतारीख, तपासणीची तारीख, भरती, मृत्यू, रुग्णालय, वारसांची नावं आणि वयं, आधारचे शेवटचे चार आकडे, संपर्क क्रमांक. त्याच्या वीस झेरॉक्स. खिडकीवर गेलं की आधी तो कागद पुढे सरकवायचा. साहेबालाही सोपं, सांगणाऱ्यालाही. या सगळ्या उठाठेवीत सर्वांत कामाला आलेला कागद मी हाच म्हणेन, आणि तो कोणत्याच योजनेच्या यादीत नसतो.

फाईल मात्र पहिल्या दिवसापासून वहिनींच्याच हातात. मी बरोबर बसायचे, पण अर्जावर सही करण्याआधी तो त्यांनीच वाचायचा. मदत करणाऱ्याने फाईल स्वतःच्या घरी नेली की बाईला आपल्या पैशांचं काय चाललंय हेच कळेनासं होतं.

बँकेपासून सुरुवात करा. खात्याला नॉमिनी असेल तर काम सोपं; दावा पूर्ण कागदांसह दिल्यावर १५ दिवसांत निकाली काढायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यासाठी वारस प्रमाणपत्र मागू लागले तर नियम दाखवा. मग पासबुक भरून घ्या आणि मे महिन्यातल्या नोंदी बोटाने वाचा. तेव्हा तिथे ३३० रुपये कापलेले दिसले (२०२२ पर्यंतचा हप्ता) तर ती जीवन ज्योती विमा योजना, २ लाखांची. वर्ष १ जून ते ३१ मे. वहिनींच्या यजमानांचे मे २०२० मध्ये कापले गेले होते, त्यामुळे ६ मे २०२१ चा मृत्यू त्यात बसला. घरात कोणालाच माहीत नव्हतं. दावा त्याच बँकेत करायचा. शेजारीच १२ रुपयांची (हाही २०२२ पर्यंतचा हप्ता) नोंद असायची ती सुरक्षा विम्याची. तो फक्त अपघाताचा, कोविडला लागू नाही.

इथे एक मोठी अडचण आली. वहिनींचं बँक खातं माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं. लग्नात पहिलं नावही बदललेलं. आपल्याकडे हे घराघरात आहे. विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर भागलं. पण हे आधी करा. नाव जुळत नाही म्हणून परत आलेला अर्ज नव्याने पहिल्या पायरीवर जातो. सरकारी कचेरीत बऱ्याच ठिकाणी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. बाहेरचे टायपिस्ट सरसकट स्टॅम्प पेपर विकतात, आत विचारल्याशिवाय घेऊ नका.

पीएफचं प्रकरण सगळ्यात फायद्याचं आणि सगळ्यात दुर्लक्षित. कामगार नोकरीत असताना गेला की तीन वेगळे हक्क उभे राहतात: साठलेली रक्कम, विधवा आणि मुलांचं पेन्शन, आणि ईडीएलआय, म्हणजे पीएफबरोबर येणारा आयुर्विमा. हा विमा कामगाराच्या पगारातून कापला जात नाही, म्हणून घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो. २८ एप्रिल २०२१ पासून त्याची कमाल मर्यादा ६ लाखांवरून ७ लाख झाली. सलग १२ महिने सेवा असेल तर किमान अडीच लाख. मधल्या काळात कंपनी बदलली असली तरी चालते. पेन्शनला तर महिनाभराची वर्गणीही पुरते. विधवेचं पेन्शन किमान १,००० रुपये, आणि शिवाय दोन मुलांना प्रत्येकी त्याच्या २५ टक्के, वयाच्या पंचविशीपर्यंत. मृत्यूच्या प्रकरणात या तिन्हींचा एकत्रित दावा अर्ज असतो. मुलांचे जन्मदाखले, रद्द केलेला चेक, मृत्यूचा दाखला आणि मालकाची सही. सहीसाठी कंपनीच्या गेटवर चकरा होतात; बंद पडलेली कंपनी असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा बँक मॅनेजरच्या साक्षांकनाची सोय आहे. नियमाने २० दिवस. प्रत्यक्षात पीएफच्या नोंदीतली जन्मतारीख आधारशी जुळत नव्हती, ते दुरुस्त होईपर्यंत दिवाळी आली.

ज्यांच्या घरात पीएफ नव्हता त्यांची वाट वेगळी. आमच्याच वस्तीतल्या एका रिक्षावाल्याच्या घरी संजय गांधी निराधार योजना हाच आधार. तेव्हा महिना १,००० रुपये, २०२३ पासून १,५००. अट अशी की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं. आजच्या महागाईत ही मर्यादा म्हणजे चेष्टा आहे, पण अर्ज त्याच चौकटीतून करावा लागतो. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० वेगळे. दोन्ही तहसील कचेरीतच. ऑगस्ट २०२१ मध्ये कोविडने विधवा झालेल्या बायका आणि अनाथ मुलांपर्यंत योजना पोचवायला सरकारने ‘मिशन वात्सल्य’ काढलं, तालुक्याला तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. जिथे समिती खरंच बसली तिथे अंगणवाडीताई घरी येऊन कागद घेऊन गेल्या. जिथे नाही बसली तिथे काही नाही. बचतगटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल तर कर्जाबरोबर विमा होता का, हे लेखी विचारा. पुष्कळदा नवऱ्याचाही विमा असतो आणि तरी हप्त्याला माणूस दारात येत राहतो.

कोविडने गेलेल्यांच्या वारसांना मिळालेल्या पन्नास हजारांच्या सानुग्रह मदतीची गोष्ट अशी. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ ला आदेश दिला, सप्टेंबरमध्ये रक्कम ठरली, राज्याचा शासन निर्णय नोव्हेंबरअखेर आला आणि डिसेंबरमध्ये ‘महाकोविड१९रिलीफ’ हे संकेतस्थळ सुरू झालं. अर्ज मोफत होता. तरीही “हजार-दोन हजार द्या, वरचे ओळखीचे आहेत” म्हणणारे उगवलेच. लागायचं ते असं: मोबाईलवर ओटीपी, अर्जदाराचं आधार, मृताचं आधार, मृत्यूचा दाखला, अहवाल किंवा नमुना ४, बँकेचा तपशील, इतर वारसांची हरकत नसल्याचं घोषणापत्र. फोटो नीट दिसेल असा, कडा न कापता. पोचक्रमांक लिहून ठेवायचा.

अर्ज अडकण्याची कारणं ठरलेली होती. अहवाल निगेटिव्ह पण छातीच्या सीटी स्कॅनवरून उपचार झाले, अशा घरांना वाटायचं आपण बसत नाही. बसत होते. सप्टेंबर २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तपासणीपासून ३० दिवसांतला मृत्यू धरायचा, मग तो रुग्णालयाबाहेर झाला असला तरी. सलग भरती असेल तर ३० दिवसांनंतरचाही. आणि डॉक्टरांनी इतर तपासण्यांवरून केलेलं निदानही चालायचं. दुसरं कारण, नमुना ४ वर फक्त ‘हृदयक्रिया बंद’ लिहिलेलं. अशांनी सगळ्या कागदांसह जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे जायचं. तिसरं कारण घरातलंच: सून आणि सासू दोघींचे वेगवेगळे अर्ज. दोन्ही लटकायचे. वहिनींच्या घरी हे टळलं, कारण दिरांनी आधीच दोघींना एकत्र बसवून सासूबाईंच्या औषधांचं काय ते ठरवलं. मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने अर्जाला मुदतही घातली: आधीच्या मृत्यूंसाठी ६० दिवस, पुढच्यांसाठी ९०.

वहिनींचे हे पैसे फेब्रुवारी २०२२ मध्ये आले, पण दिलेल्या खात्यात नाहीत. आधारशी जोडलेली रक्कम ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलं गेलं (‘सीड’ झालं) त्या खात्यात जाते. वहिनींचं ते गॅसच्या सबसिडीसाठी उघडलेलं विसरलेलं खातं निघालं. बँकेत “आधार कुठल्या खात्याला मॅप आहे” असंच विचारा. नुसतं “लिंक आहे का” विचारलं तर हो म्हणतात.

रक्कम दिसली त्या दिवशी वहिनींनी ती काढली नाही. “हे त्यांच्या जिवाचे पैसे,” एवढंच म्हणाल्या. असं जवळपास प्रत्येक घरात झालं, हे नंतर इतर बायकांशी बोलताना कळलं. कोणी घाई करू नये. मुलीच्या नावाने मुदतठेव हा निर्णय त्यांनी उन्हाळ्यात घेतला.

डिसेंबर २०२१ मध्ये पहिलीचे वर्ग भरले. धाकटा पहिल्यांदाच खऱ्या शाळेत गेला, आणि गर्दीत आईचा हात सोडेना. मोठीचं वेगळं: ती बोलायचीच बंद झाली होती, रात्री उठून आईचा श्वास चालू आहे का बघायची. दोघांच्या वर्गशिक्षकांना आधी भेटून सांगितलं, हजेरीपटावरून वडिलांबद्दल विचारू नका. मोठीसाठी जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात गेलो. केसपेपरचे किरकोळ पैसे, समुपदेशन मोफत. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन, आणि ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीत बोलतात. झोप आठवडेच्या आठवडे उडाली, जेवण सुटलं, “मीपण गेले असते तर” असं वारंवार तोंडात येतंय, तर वर्षश्राद्धानंतर आपोआप बरं होईल म्हणून थांबू नका.

२०२२ च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण वहिनींना आलं नाही. ज्यांनी दिलं नाही त्याच लॉकडाऊनमध्ये फाटकाला डबे लावत होत्या, त्यामुळे राग कोणावर धरायचा हेही कळेना. त्याच वर्षी मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, राज्यानेही परिपत्रक काढलं. गल्लीत त्याची चर्चा झाली. आमंत्रण पुढच्या वर्षी आलं, निम्म्या घरांतून.

जमिनीचं शेवटी. सातबाऱ्यावर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र. नोटिशीचे १५ दिवस, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. हिंदू वारसा कायद्यात बायको, मुलं आणि आई सगळ्यांचा सारखा वाटा. अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ (अज्ञान पालनकर्ती आई) असं लागतं. या टप्प्यावर हक्कसोडपत्र पुढे येतं, बहुधा गोड बोलून. पहिल्या वर्षात त्यावर सही करू नये, आणि अज्ञान मुलांचा हिस्सा तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडताच येत नाही.

बालसंगोपनाला सगळ्यात जास्त वेळ लागला. इथे बराच गोंधळ आहे. पाच लाखांची राज्याची ठेव आणि पीएम केअर्सचे दहा लाख कोविडकाळात आईवडील दोन्ही गमावलेल्या मुलांसाठी होते. एक पालक गेला असेल तर बालसंगोपन योजना, आणि ती कोविडपुरती नाही. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज: मुलाचं आणि आईचं आधार, मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पासबुक, आणि घरासमोर उभं राहून मूल व पालकाचा फोटो. त्या फोटोसाठी हसू नका म्हणून कोणी सांगत नाही, पण मुलगी विचारत होती हसायचं की नाही. मग गृहचौकशी, मग बाल कल्याण समितीपुढे मुलाला हजर करायचं. समितीचे वार ठरलेले असतात, फोन करून जा. शाळा बुडते आणि समोर पाच अनोळखी माणसं बसलेली बघून लहान मुलं घाबरतात, तर आदल्या दिवशी सांगून ठेवा की नाव, इयत्ता आणि घरी कोण आहे एवढंच विचारतील. वहिनींच्या मुलांचा आदेश २०२२ च्या उत्तरार्धात निघाला, तेव्हा मुलामागे महिना १,१०० रुपये. पैसे दर महिन्याला येत नाहीत, काही महिन्यांचे एकदम येतात. २०२३ मध्ये रक्कम २,२५० झाली. शाळेचा दाखला दर वर्षी जूनमध्ये नव्याने काढून कार्यालयात द्यायचा आणि पोच घ्यायची. बदली होऊन नवीन माणूस आला की जुनी फाईल सापडत नाही, तेव्हा ती पोच दाखवली की काम पुढे सरकतं.